मामाला जड

“तोंड फिरव! लहू, तोंड फिरव तिकडं!”

आई आतल्या खोलीतून एवढ्या जोरात ओरडली, की ओट्याशेजारी बांधलेली म्हैस दावं ताणून उभी राहिली. मी गरम पाण्याचं पातेलं घेऊन उंबऱ्यात आलो होतो. पाणी आण म्हणून हाकही तिनंच मारली होती. मी पातेलं तिथंच ठेवलं आणि शाळेत मास्तर उभं करायचे तसा भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

“काय झालं?” मी भिंतीलाच विचारलं.

 आत माझी धाकटी बहीण हौसा बाळंत होत होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आधीच आणून ठेवली होती. दिवस अजून भरले नव्हते, पण पोटातलं पोर कुठं पंचांग बघतं? दाजी ट्रकवर होते, कुठल्या मुलखात ते त्यांच्या मालकालाच ठाऊक.

“दोन वेढं हायेत गळ्याला,” आमच्या वाडीची सुईण चिमाआजी आत पुटपुटली. “नाळ गळ्यात घालून आलीया पोरगी.”

मग मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज आला. रडणं म्हणायलाही तो कमीच होता. त्यापाठोपाठ आईचं रडणं आलं, ते मात्र भरपूर होतं.

आमच्याकडं गळ्यात नाळ घेऊन आलेलं मूल मामाला जड समजतात. बाराव्या दिवसापर्यंत मामानं त्याचं तोंड बघायचं नाही. बाराव्याला वाटीत तेल घ्यायचं, तेलात बाळाची सावली बघायची आणि मगच समोरून. आधी बघितलं तर वरीस सरायच्या आत मामा जातो. शिकलेली माणसं हसतील, हसू देत. माझ्या आईला हसू येण्यासारखं नव्हतं. तिचा थोरला भाऊ असाच गेला होता. भाचा झाला म्हणून आनंदानं डोंगर उतरून धावत आला, वाकून बाळाचं तोंड बघितलं आणि पुढच्या पावसाळ्यात बांधावर त्याला पान लागलं, साप चावून गेला. तो भाचा मी. मीही दोन वेढे घेऊनच आलो होतो.

तर मी भिंतीकडं बघत उभा होतो, तेवढ्यात आतला आवाज बदलला. चिमाआजी म्हणाली, “भागीला बोलवा. लवकर.” मी पळालो.

भागावहिनी आमच्या भावकीतली. खालच्या गावात एका संस्थेनं वाडीवाडीतून एकेक बाई निवडून तिला बाळ-बाळंतिणीची देखभाल शिकवली होती. आमच्या वाडीतून ही गेली. खांद्याला पिशवी, पिशवीत वजनकाटा आणि साबण आणि तोंडात एकच मंत्र, ‘आधी हात धुवा.’ ही देवळात गेली तरी आधी देवाला हात धुवायला लावील, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो. त्या दिवशी मात्र ती पायात चप्पल न घालता माझ्यापुढं धावत आली.

आत जाऊन तिनं हौसाचं पोट चोळलं, काय काय केलं. थोड्या वेळानं बाहेर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत लाल होते.

“वार पडलीया, पण अंगावरून जायचं थांबंना. तालुक्याला न्यायची. आत्ताच्या आत्ता.”

तेव्हा वाडीला रस्ता नव्हता. खिंड ओलांडून खाली उतरायचं, तिथं जीप मिळाली तर मिळाली. बाजेला दोन वासे बांधून डोली केली. चार गडी खांद्याला आले. मी पाचवा म्हणून पुढं झालो, तर वहिनीनं माझा दंड धरला.

“तू थांब.”

“माझी भन हाय ती!”

“म्हणूनच थांब.” ती आईकडं वळली. “काकू, पोरगी लई बारीक हाय. ह्या पौषातल्या वाऱ्यात नेली तर खिंडीच्या अलीकडंच गार पडंल. तिला ऊब पायजे. चुलीची न्हाय, माणसाच्या अंगाची. उघड्या छातीला उघडं बाळ लावायचं, वरून पांघरूण घ्यायचं. आईचं अंग न्हाय, तर दुसऱ्या कुणाचं.”

“मग तू धर!”

“मी धरंन की. पर खालच्या वाडीत बाळू ठाकराची सून आज-उद्यावर आलीया, तिकडं कोण जाणार? चिमाआजीला दमा. शेजारची लेकुरवाळी शेवंता अंगावरचं दूध काढून द्यायला कबूल झाली, तेच लई. तिची सासू तिला ह्या घरात पाऊल टाकू देत न्हाय. रिकामं माणूस पायजे, दिवसभर हलणार न्हाय असं.”

आणि तिनं माझ्याकडं बघितलं. वाडीत रिकामं माणूस म्हटलं की सगळ्यांची नजर माझ्याकडं वळायची, हे काही नवं नव्हतं. हिरड्याच्या मोसमात माझ्याइतका उंच चढणारा गडी दुसरा नव्हता, पण मोसम सरला की मी म्हणजे रिकामा न्हावी, कुडाला तुंबड्या लावणारा.

“त्याच्याकडं न्हाय,” आई म्हणाली. “भागे, त्याच्याकडं न्हाय. मामा हाय तो.”

“मग कुणाकडं, ते तुमीच सांगा.”

आईनं अंगणात जमलेल्या बायकांकडं बघितलं. सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. डोलीवरून हौसा एवढंच म्हणाली, “दादा, घे तिला.” तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. गड्यांनी डोली उचलली.

आई डोलीबरोबर निघाली, चार पावलं गेली आणि परत आली. माझी हनुवटी धरून म्हणाली, “घे. पर तोंड बघू नगंस. माझी आन हाय तुला. एक भाऊ गेला माझा. आता...”  डोली वळणाआड गेली तशी ती पदर खोचून तिच्यामागं पळत सुटली.

भागावहिनीनं मला आधी तंबाखू थुंकायला लावली. मग आंघोळ, साबण, नखं. लग्नाआधी नवरदेवाला घासतात तसं घासून घेतलं तिनं मला. कणगीला टेकून बसवलं, सदरा काढायला लावला.

“वर आढ्याकडं बघ,” ती म्हणाली.

मी आढ्याकडं बघितलं. छातीवर काहीतरी ओलसर, गार येऊन पडलं. आधी वाटलं, पानावरचा बेडूक. एवढं हलकं की ठेवलंय की नाही कळेना. वहिनीनं तिचं डोकं माझ्या गळ्याखाली नीट लावलं, डोक्याला टोपडं बांधलं, आईच्या जुन्या लुगड्यानं आम्हा दोघांना गुंडाळलं आणि वरून घोंगडी टाकली.

“आता हलायचं न्हाय. दूध मी चमच्यानं पाजंन, तवा डोळे मीट. लई गप पडली तर तळपायाला टिचकी मार, पाठ चोळ. आणि तिचा श्वास ऐकत राहा.”

“आणि काय करू?”

“आणि काय करतोस एरवी? तेच कर. बस.”

ती गेली आणि घर एकदम मोठं झालं.

माणसाला वाटतं आपण एकटे राहू शकतो. मला तर तसा अभिमानच होता. पण एकटं असणं म्हणजे वाटेल तेव्हा उठून बाहेर जाता येणं. इथं मी बसलो होतो आणि माझ्या अंगावर एक जीव होता, आणि आम्हा दोघांपैकी कुणालाच कुठं जाता येत नव्हतं. सुवेराचं घर म्हणून कुणी आत येत नव्हतं. माझा दोस्त सोमा म्हशीची धार काढायचा, भाकरी ओट्यावर ठेवून लांबूनच “लहू, ठेवलीया रं!” असं ओरडायचा आणि मी उत्तर देईपर्यंत त्याची पाठ दिसायची. आई आणि हौसाची खबर नव्हती. शेवंता भिंतीआडून दुधाची वाटी सरकवायची. बांगड्या ऐकू यायच्या, ती दिसायची नाही.

मी आढं बघत राहिलो. आमच्या घराचे वासे मला आजही पाठ आहेत. कुठला किडलाय, कुठल्याला गाठ आहे, सगळं.

हळूहळू ती गार पोरगी कोमट झाली. मग गरम झाली. माझ्या गळ्याशी तिचा श्वास लागायचा, थांबायचा, परत लागायचा. एक मूठ माझ्या छातीवरच्या केसांत अडकवून ती झोपायची. मला अंगाई येत नव्हती. म्हशीला पाणी पाजताना घालतात ती शीळ तेवढी येत होती, तीच हळू घातली. तिला आवडली असावी, कारण तिनं माझ्या अंगावर ऊन ऊन मुतून घेतलं.

मग मी तिच्याशी बोलायला लागलो. हिरड्याच्या झाडावर कसं चढायचं, कुठली फांदी धोक्याची, मधाचं मोहाळ कसं ओळखायचं. आयुष्यात एवढं सलग माझं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. आईची आन होती, म्हणून तोंड सोडून तिचं सगळं मला ठाऊक झालं. टाचा, कोपरं, पाठीवरची लव, पोटात दूध गेल्यावर होणारा आवाज. वहिनी काट्याला टांगून वजन करायची तेव्हा मी भिंतीकडं वळायचो.

“वाढतीया का?”

“उतरली न्हाय, तेच लई. आता चढंल.”

आणि मग ती दुपार आली. बाजाराचा दिवस होता. वाडीत चिटपाखरू नव्हतं. बाळू ठाकराच्या सुनेला कळा सुरू झाल्या म्हणून वहिनी लवकर दूध पाजून खालच्या वाडीला उतरली होती. ऊन दारातून आत आलं होतं आणि मी पोरीला आमच्या मारक्या म्हशीची गोष्ट सांगत होतो.

गोष्टीच्या मध्येच माझ्या लक्षात आलं, की गळ्याशी काही लागत नाही.

मी गप्प झालो. वाट बघितली. श्वास थांबायचा आणि परत यायचा, हे मला माहीत होतं. परत आला नाही. मी तळपायाला टिचकी मारली. पाठ चोळली. ती माझ्या छातीवर ओल्या फडक्यासारखी पडून होती.

“वहिनी!” मी ओरडलो. “सोमा! अरं, कुणी हाय का?”

कुणी नव्हतं. म्हैस हंबरली तेवढी.

मी लुगडं सोडलं, तिला दोन्ही हातांवर घेतली आणि तिचं तोंड बघितलं.

मुठीएवढं तोंड. ओठ जांभळे, जांभळं खाल्ल्यासारखे. नाकपुड्यांशी दूध. मी तिला पालथी केली, बोट फडक्यात गुंडाळून तोंडातलं दूध काढलं, पाठ चोळली, टिचक्या मारल्या, परत चोळली. मी काय बडबडत होतो मला आठवत नाही. देवाला शिव्या दिल्या असतील. एकदम तिच्या अंगाला झटका बसला, उचकी आली आणि ती रडली. या खेपेला मांजरासारखी नाही, माणसासारखी रडली. ओठांवर तांबूस रंग चढताना मी बघितला. मग तिनं डोळे उघडले आणि तीही बघत राहिली. त्या वयात त्यांना काही दिसत नाही म्हणतात. मला तरी वाटलं की ती बघतेय. मी ढसाढसा रडलो. बापाला अग्नी दिला तेव्हासुद्धा मी एवढा रडलो नव्हतो.

वहिनी आली तेव्हा मी परत आढ्याकडं बघत बसलो होतो.

“काय झालं? चेहरा का असा?”

“श्वास थांबला व्हता. आला परत.”

तिनं पिशवी टाकली, पोरीला उचललं, छातीला कान लावला, अंग चाचपलं. मग मला विचारत गेली. किती वेळ, दूध बाहेर आलं का, अंग ढिलं होतं का ताठ. मी सांगत गेलो.

“ओठ कसे व्हते?”

“जांभळे.”

तिनं पोरीच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं.  चुलीवर पाणी उकळत होतं.

“लहू,” ती हळूच म्हणाली, “हे मला सांगितलंस, ते बास. आता दुसऱ्या कुणाला सांगू नगंस.” त्या दिवशी ती घरी गेली नाही. मग काही दिवस ती दूध आधीपेक्षा थेंबथेंब पाजायची आणि पाजल्यावर बराच वेळ बसून राहायची.

हौसा परत आली, डोलीतच. पिवळी पडली होती, पण जिवंत होती. आईनं दारातूनच विचारलं, “बघितलंस का रं?” मी म्हणालो, “न्हाय.” आईनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. हौसानं पोरीला छातीशी घेतलं आणि माझी छाती एकदम गार पडली. सदरा घातला तरी ती गारच लागत होती.

बाराव्याला वाटीत तेल घेतलं. चिमाआजीनं पोरीला माझ्या खांद्यावरून पुढं धरलं. तेलात तिची सावली हलत होती, आणि मी पहिल्यांदाच बघतोय असं तोंड केलं. नाव ठेवलं सुगंधा. हौसाची सासू घाट चढून बारशाला आली होती. बायका घुगऱ्या खात असताना ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मामाला जड म्हणं पोरगी. बघू आता, वरीस सरू द्या. आमच्या घरात काय आलंया ते कळंलच.”

हौसानं मान खाली घातली. पोरगी घेऊन ती सासरी गेली आणि मी घरात मागं राहिलो.

त्या वर्षी मी झाडावर चढलो नाही.

फाल्गुनात हिरडा उतरवायला सगळे गडी शेंड्याला आणि मी खाली, बायकांबरोबर वेचायला. मोहाळ काढायला कड्यावर गेलो नाही. पावसाळ्यात गवतातून चालताना काठी आपटत चालायचो, ओढ्याला पाणी चढलं की अलीकडंच थांबायचो. विहिरीत पोहणं सोडलं. मारक्या म्हशीची धार सोमाकडून काढून घ्यायचो. कुणाच्या लक्षात आल्याशिवाय कसं राहील? पोरं ओरडायची, “लहूमामा, खाली बघा, मुंगी हाय!” सोमासुद्धा म्हणाला, “लेका, तुला झालंय तरी काय? मरणाला एवढा भितोस?”

“भितो,” मी म्हणालो.

पलीकडच्या वाडीतली एक सोयरीक ठरत आली होती. तिचं नाव सांगायचं कारण नाही, तिचा संसार आहे. चांगली होती. बाजारात एकदा माझ्याकडं बघून हसली होती आणि त्यावर मी महिनाभर जगलो होतो. तिचा बाप हिरड्याच्या दिवसांत घर बघायला म्हणून आला. मी झाडाखाली ओणवा होऊन फळं गोळा करत होतो आणि वरून त्याच्याच वयाची माणसं मला हसत होती. तो थोडा वेळ उभा राहिला. चहाला थांबला नाही. मागनं निरोप आला, ‘वेचायला आमच्याकडं बायका हायेत.’

आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. “तेलात बघितलंस की रीतसर,” ती म्हणायची, “मग कशाला भितोस?” मी काय सांगणार? एकदा भागावहिनीच मला ओढ्यावर भेटली आणि म्हणाली, “लहू, हे असलं काय नसतंय रं. दूध अडकलं व्हतं, निघालं. एवढंच. मामा बिमा काय मरत न्हाय.”

“मला ठाव हाय,” मी म्हणालो.

“मग?”

“वहिनी, पान कुणालाबी लागतं. फांदी कुणाचीबी मोडती.”

तिला कळलं. ती घागर भरून गेली.

मी सात वर्षांचा असताना आई मला पहिल्यांदा तिच्या माहेरी घेऊन गेली होती, जत्रेला. सगळ्या पोरांची पंगत बसली. आजी वाढत आली, डाव्या हातात पाटी, उजव्या हातानं पुरणाच्या पोळ्या. माझ्यापाशी आली तेव्हा तिनं पदर डोळ्यांवर ओढला, पोळी चाचपडत माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, “माझ्या लेकाला खाल्लंया ह्यानं. ह्याचं तोंड दावू नगा मला.” बाकीची पोरं माझ्याकडं बघत होती. सात वर्षांच्या पोरानं आपलं तोंड न्यावं कुठं? मी ते ताटात खाली घातलं. आई मला परत कधी तिकडं घेऊन गेली नाही. ती स्वतः गेली, तरी मला शेजारी ठेवून गेली. आजी मरेपर्यंत मी तिच्यासमोर गेलो नाही.

मी मेलो असतो तर चार दिवस रडून सगळे गप्प झाले असते. पण पलीकडं घाटाखाली एक सासू वरीस मोजत बसली होती.

वरीस सरलं. हौसाच्या घरून पोरीच्या जावळाचं बोलावणं आलं. मी धडधाकट जाऊन पंगतीत बसलो, हौसाच्या सासूच्या समोर, आणि चार वेळा भात मागून घेतला. दुसऱ्या दिवशी वाडीला परतलो आणि आमच्या हद्दीतल्या सगळ्यांत उंच हिरड्याच्या शेंड्यावर जाऊन बसलो. बघायला कुणी नव्हतं. नाव मात्र तेच राहिलं. भित्रा लहू. पुढं दोन-तीन ठिकाणी विचारून बघितलं, पण असलं नाव माणसाच्या आधी पोचतं.

सुगंधा आता दोन पोरांची आई आहे. दर चैत्रात येते, घर झाडते, माझ्या सदऱ्यांना गुंड्या लावते आणि मला चार शब्द सुनावते. परवा भाकरी थापता थापता तिला आजीची आठवण आली.

“मामा, आजी सांगायची ते खरं का रे? मी झाले त्या वर्षी तू झाडावर पाय ठेवला नाहीस म्हणे. बायकांत बसून हिरडा वेचायचास.”

“खरं हाय.”

“आणि त्यापायी लग्न मोडलं तुझं?”

“मोडलं.”

“एवढी कशाची भीती होती रे तुला?”

“मरायची,” मी म्हणालो.

ती हसायला लागली. हातातली भाकरी तव्यात टाकायची विसरून, माझ्या तोंडाकडं बघत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिला बघून कुणी कधी पदर डोळ्यांवर ओढलेला नाही.